मोहिमेच्या जहाजावर एक जागा शिक्षकाला द्या

मा. संचालक,
राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र,
हेडलँड सडा, वास्को, गोवा



निपाणीच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. एक मागणी घेऊन हे पत्र लिहितोय, ती आधीच सांगतो. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या आपल्या मोहिमेत दरवर्षी एक जागा शाळेतल्या शिक्षकासाठी ठेवावी आणि त्याची सुरुवात बेळगाव-निपाणीच्या सीमाभागापासून करावी.

सीमाभागापासूनच का, तर आपण आमचे शेजारी आहात. बेळगावहून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा लागतो. रेल्वेनं निघालं तर लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करत गाडी थेट वास्कोला पोचते. आमच्या गावातून दर आठवड्याला कुणी ना कुणी गोव्याला जातं, भाजीच्या गाड्या तर रोज जातात. पण तिथल्या एका टेकडीवरच्या इमारतीतून दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमा आखल्या जातात, हे आमच्या मुलांना माहीत नसतं. त्यांना पेंग्विन माहीत आहे, तोही कार्टूनमधला.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण म्हणजे रविवारच्या पुरवण्यांतल्या ध्रुवांकडच्या सहलींच्या जाहिराती. रशियाचं अणुशक्तीवर चालणारं ‘५० लेत पोबेदी’ हे बर्फ फोडणारं जहाज मुर्मान्स्कहून पर्यटकांना उत्तर ध्रुवावर नेत आलं आहे. फ्रान्सचं ‘ल कमांदां शार्को’ २०२१ पासून त्याच कामात आहे. २०२३-२४ च्या एका हंगामात अंटार्क्टिकाकडं गेलेल्या पर्यटकांचा आकडा एक लाख वीस हजारांच्या वर गेला. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजातून कुणाला किनाऱ्यावर उतरू द्यायचं नाही, एका जागी एका वेळी शंभरच जण, असे नियम तिथं आहेत आणि ते पाळले गेले तर बरंच आहे. पण २०१३ च्या नाताळात ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकलं. त्यावरच्या ५२ जणांना चीनच्या ‘शुए लाँग’च्या हेलिकॉप्टरनं उचलून ऑस्ट्रेलियाच्या ‘अरोरा ऑस्ट्रेलिस’वर पोचवावं लागलं, आणि मग ‘शुए लाँग’ स्वतःच अडकलं. तिथला प्रवास पैसे भरून विकत घेतला तरी त्याचा भार शेवटी कुणावर येतो, हे तेव्हा दिसलं. माझी खंत मात्र वेगळी आहे. ध्रुवावरचा बर्फ पाहणं ही श्रीमंतांची हौस आहे असं आमच्या मुलांच्या मनात एकदा बसलं, तर ते काढणं फार अवघड जाईल. माझ्या देशाची माणसं कामासाठी तिथं चाळीसहून अधिक वर्षं जात आहेत, हे त्यांना आधी कळायला हवं.

१९८१ हे साल निपाणी विसरलेली नाही. त्या वर्षी तंबाखूला भाव मागत शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले होते आणि एप्रिलमध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी मुरगावहून ‘पोलर सर्कल’ या भाड्यानं घेतलेल्या नॉर्वेच्या जहाजानं निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. मोहीम गुप्त होती. देशाला ती नंतर कळली. आमच्याकडं ती अजून पोचायची आहे.

अदिती पंत यांचं नाव मी वर्गात नेहमी घ्यायचो. औंधच्या पंत घराण्यातल्या या बाई समुद्रशास्त्रज्ञ होत्या, गोव्यातच काम करायच्या. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. त्याआधीच्या भारतीय मोहिमांत एकही बाई नव्हती. ज्या मुलींच्या आया दिवसभर बिड्या वळतात, त्या मुली हे मान वर करून ऐकायच्या. पुस्तकातला शास्त्रज्ञ लांबचा असतो. औंध त्यांना एसटीनं गाठता येतं.

बर्फ फोडणाऱ्या जहाजाचंही मी वर्गात सांगायचो. ते बर्फ कापत जातं असं सगळ्यांना वाटतं. खरं तर त्याचं नाक खालून तिरपं, गोलसर असतं. ते बर्फावर चढतं आणि स्वतःच्या वजनानं तो मोडतं. अडकलंच, तर काही जहाजांत टाक्यांतलं पाणी या कुशीवरून त्या कुशीवर पंपानं हलवून ते डोलवतात. कडक थंडीत साधं पोलाद ठिसूळ होतं, म्हणून त्याचं पोलादही वेगळं लागतं. बेळगावच्या उद्यमबागेत ज्याचे वडील फाउंड्रीत ओतकाम करतात, त्या मुलाला हे सांगून बघा. ओतीव लोखंड कधी तडकतं हे त्यानं घरी ऐकलेलं असतं. हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र किती गोठतो याचा आकडा मी फळ्यावर भारताच्या नकाशाशेजारी लिहायचो. भारत ३३ लाख चौरस किलोमीटर, तो बर्फ एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तो एक कोटी सत्तर लाखांपर्यंतही पोचला नाही. उपग्रहानं मोजायला लागल्यापासून हिवाळ्यातला एवढा कमी बर्फ कधी दिसला नव्हता. हे आकडे कागदावरून वाचून दाखवणं आणि तो बर्फ जहाजाखाली मोडताना ऐकलेल्या माणसानं सांगणं यात फार अंतर आहे.

आता सीमाभागाबद्दल. इथलं मूल महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं भांडण ऐकतच मोठं होतं. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं त्याला पुस्तकाआधी घरात कळतं. अशा वर्गात मी अंटार्क्टिक कराराचं चौथं कलम शिकवायचो. सात देशांनी त्या खंडाच्या तुकड्यांवर हक्क सांगितला आहे. १९५९ च्या करारात कुणी आपला हक्क सोडला नाही, कुणाचा मान्यही झाला नाही. करार आहे तोवर नवा हक्क सांगायचा नाही एवढं ठरलं आणि संशोधन सुरू राहिलं. आपलं ‘मैत्री’ केंद्र आहे तो भाग नॉर्वे आपला म्हणतो, ‘भारती’ आहे त्या भागावर ऑस्ट्रेलियाचा दावा आहे. तरी आपली माणसं तिथं हिवाळाभर राहतात आणि कुणी अडवत नाही. आमच्या प्रश्नाला हा तोडगा आहे असं माझं म्हणणं नाही. इथं माणसं राहतात, शाळा आहेत, उतारा कुठल्या भाषेत मिळतो हा रोजचा सवाल आहे. पण हा धडा इतक्या कान देऊन दुसऱ्या कुठल्या वर्गात ऐकला जात असेल असं मला वाटत नाही. एका मुलानं विचारलं होतं, “सर, तिथल्या पाट्या कुठल्या भाषेत असतात?” तिथं राहून आलेला शिक्षक त्याला नीट उत्तर देऊ शकेल. ते काम माझ्याच्यानं झालं नाही.

अमेरिकेत २००७ पासून ‘पोलर ट्रेक’ नावाच्या उपक्रमातून शाळाशिक्षक संशोधकांबरोबर दोन्ही ध्रुवांकडं जाऊन कामाला हात लावून आले. म्हणजे ही मागणी जगावेगळी नाही. भारताचं स्वतःचं ध्रुवीय जहाज अजून झालेलं नाही, आपण भाड्याच्या जहाजांवर चालतो. आता कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीनं नॉर्वेच्या कंपनीशी त्यासाठी करार केला आहे. त्या जहाजाच्या आराखड्यात शास्त्रज्ञांच्या खोल्या मोजताना एक पलंग शिक्षकाच्या नावानं मोजावा. तोवर भाड्याच्या जहाजावर, किंवा केपटाऊनहून विमानानं जाणाऱ्या उन्हाळी तुकडीत जागा द्यावी.

निवड मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांतून व्हावी, एका वर्षी मराठी शाळेचा शिक्षक, पुढच्या वर्षी कन्नड शाळेचा. शिक्षकाला पाहुणा म्हणून नेऊ नका. दिल्लीला ‘एम्स’मधली तपासणी आणि औलीचं प्रशिक्षण त्यालाही असू द्या, त्यात जो नापास होईल त्याला घरी पाठवा. तिथं त्याला नमुने भरायला, नोंदी घ्यायला, सामान उतरवायला लावा. परत आल्यावर वर्षभर दोन्ही भाषांतल्या शाळांमध्ये जाऊन बोलायचं, हे त्याच्याकडून आधी लिहून घ्या.

उन्हाळी तुकडी निघते आणि परतते त्या काळात एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे, शिक्षक सुटत नाहीत. आठवी-नववीला शिकवणाऱ्यांतून निवड केलीत तर शाळांची अडचण होणार नाही. रजेसाठी शिक्षण खात्याला आपलं एक पत्र लागेल.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
निपाणी, जि. बेळगाव