कर्ता कोण? : एका इटालियन मोटारीच्या निमित्ताने

साहित्यचर्चेच्या पानावर मोटारीविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु कलाकृतीच्या कर्तृत्वाचा जो प्रश्न आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो, तो एका मोटारीने आमच्यापुढे अधिक स्पष्टपणे उभा केला. म्हणून हा प्रपंच.

ती मोटार म्हणजे १९४७ साली लोकांपुढे आलेली 'चिसितालिया २०२'. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ साली आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात ती होती. १९७२ मध्ये ती त्या संग्रहालयाच्या कायम संग्रहातही दाखल झाली. तिचे इंजिन जेमतेम ११०० सीसीचे, फियाटच्या साध्या गाडीवर आधारलेले. तिचे मोठेपण आहे ते घडणीत. तोवरच्या बहुतेक गाड्यांत मडगार्ड, दिवे, बॉनेट हे सुटे अवयव एकमेकांना जोडल्यासारखे दिसत. येथे ते एकाच अखंड पृष्ठभागाचे चढउतार होतात. बॉनेट मडगार्डांहून खाली उतरते, दिवे त्या पृष्ठभागातच सामावून जातात. अलंकार वरून चढवलेला नाही. रचनाच अलंकार झाली आहे.

या घडणीचे श्रेय बत्तिस्ता फारिना यांना दिले जाते, आणि ते अयोग्य नाही. परंतु मोटार काढली उद्योजक पिएरो दुसियो यांनी. तिच्या यांत्रिक रचनेचा आरंभ फियाटचे दान्ते जाकोझा यांनी केला, पुढचे काम अभियंते जोव्हान्नी सावोनुत्सी यांनी पाहिले. बाह्यरूपातही सावोनुत्सींच्या रेखाटनांचे ऋण अभ्यासक मानतात. अखेरीस उरतात ते ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून वळवणारे कारागीर. इटालियन भाषेत त्यांना 'बात्तिलास्त्रा', म्हणजे पत्रा ठोकणारा, असे म्हणतात. कागदावरच्या रेषेला फुगवटा आला तो त्यांच्या हातून. अशा सुमारे १७० गाड्या निघाल्या. हातघडणीमुळे त्यांत आलेल्या बारीकसारीक फरकांना आपल्या परिभाषेत पाठभेदच म्हणावे लागेल.

फारिना यांचे टोपणनाव 'पिनिन', म्हणजे धाकटा. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने 'पिनिनफारिना' हे त्यांचे अधिकृत आडनाव झाले. एका घरगुती हाकेची अशी राजमुद्रा झाली. हातोडी धरणाऱ्यांची नावे मात्र तिच्याखाली दिसेनाशी झाली.

एकसूत्री दृष्टी नसती तर नुसत्या हातांनी काय केले असते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु त्या हातांवाचून दृष्टी कागदावरच राहिली असती, हेही तितकेच खरे. जात्यावरच्या ओव्यांना आपण सहज 'अनामिक' म्हणतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. अनामिक म्हणजे कर्ता नसलेली रचना नव्हे. जिच्या कर्त्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही, ती रचना. हा भेद विद्यार्थ्यांना आवर्जून सांगणे हे आपले कामच आहे, असे आमचे मत आहे.