शाळा ही प्रेक्षणीय जागा नव्हे!

लासलगाव व पंचक्रोशीतल्या पालकांनो,

परवा पुन्हा आपल्या भागातल्या एका शाळेत परदेशी ‘स्वयंसेवक’ येऊन गेले. पोरं सकाळपासून उन्हात रांगेत. लेझीम, औक्षण, हार. मग एका पाहुणीनं चौथीच्या फळ्यावर प्राण्यांची इंग्रजी नावं लिहिली, जी पोरांना दुसरीपासून पाठ आहेत. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, गाड्या शिर्डीकडे वळल्या. गणिताचा तास बुडाला तो बुडालाच.

एका गुरुजींपुढे दोन-दोन वर्ग बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आपली अडचण पाहुण्यांपुढे मांडून ठेवायची ही हौस कुठली?

महाराष्ट्रात पहिलीला शिकवायचं तर दोन वर्षांची पदविका हवी. शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुण हवेत. मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसणं. एवढ्यानंतर हाती काय, तर शिक्षण सेवकाची तीन वर्षं, महिना १६ हजारांवर. २०२३ च्या आधी तर ६ हजारच होते! पाहुण्याला मात्र पासपोर्ट पुरतो. त्याच्या जाण्यायेण्याच्या विमान तिकिटात आपल्या एखाद्या डी.एड. झालेल्या लेकीचं तीन महिन्यांचं मानधन निघालं असतं. खुद्द इंग्लंडात मुलांना नेमानं शिकवणाऱ्याची आधी गुन्हेगारी नोंद तपासतात. आपल्या बाजार समितीत व्यापारी कांदासुद्धा हातात घेऊन, दाबून पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. शाळेच्या फाटकात कुणी साधं नाव विचारत नाही.

“अहो, वह्या-पेनं तरी देतात!” वह्या पोस्टानंही येतात, त्यासाठी पोराच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढावा लागत नाही. “इंग्रजी सुधारतं!” एका भेटीत? मग आपल्या बाई वर्षभर काय करतात? “पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?” पाहुण्यानं संध्याकाळी घरी यावं, पिठलं-भाकरी पोटभर वाढू. वर्गात नको.

आणि फोटोखालची ती ओळ: ‘गरीब, पण किती आनंदी!’ डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा याच पोरांच्या घरातला आनंद बघायला कुणी फिरकलं नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या फक्त सह्या करायला नाहीत. पुढच्याच बैठकीत ठराव मांडा: शाळेच्या वेळेत दौरा नाही, स्वागतासाठी तास मोडायचा नाही, आईबापाच्या लेखी संमतीशिवाय एकही फोटो नाही. ज्याला खरंच मदत करायची असेल त्यानं आधी समितीला पत्र लिहावं. काय हवं ते समिती कळवेल.

— एक पालक, लासलगाव