गिऱ्हाईक आहे, सोबती नाहीत

अजिंठ्याची लेणी पाहावयास येणारा प्रवासी फर्दापूरच्या फाट्यावर आपले वाहन सोडतो आणि पुढचे चारेक किलोमीटर एस. टी.च्या बसने जातो. येता-जाता तेथील दुकानांतून तो स्फटिक, घासून चकचकीत केलेले दगड, माळा अशा वस्तू विकत घेतो. गिऱ्हाईक असे दाराशी आहे. तरीही या गावातील एखाद्या मुलाने शाळेत एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, हात चांगला निघाला आणि कारागिरीवरच पोट भरावे असे त्याच्या मनाने घेतले, तर त्याने कोणापाशी जाऊन बसावे? रंग का उडाला, भांडे भट्टीत का तडकले, कामाचे मोल किती सांगावे, हे विचारण्याजोगा माणूस त्याला सहजी भेटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर तो जातो, आणि मग परतण्याचे कारण उरत नाही. न मिळाला तर फाट्यावर दुसऱ्याचे दगड विकतो.

एका धंद्याची माणसे एके ठिकाणी वसली म्हणजे कसब किती स्वस्तात पसरते, हे आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली मांडले. आपल्याकडे त्यासाठी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. येवल्यात पैठणीचा पदर अडला तर शेजारच्या मागावरचा विणकर उठून येतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मुलगा आधी साचे भरतो, मग घासकाम आणि रंगकाम करतो, आणि हात स्थिरावल्यावरच त्याला डोळ्यांच्या आखणीला बसवतात. या शिक्षणाला वर्ग नाही, पदवीदान नाही. त्याहून मागे गेल्यास नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे १००० कार्षापण पाऊण टक्क्याने कायमचे ठेवले. एकट्या विणकराकडे एवढी ठेव कोणी ठेवली असती? कारागिरांचा समुदाय हीच त्या काळची पत होती.

खुद्द अजिंठ्याची चित्रेही एकट्याच्या हातची नव्हेत. त्यांच्या नकला करावयास आलेलेही बहुतेक जथ्यानेच आले. मेजर रॉबर्ट गिल यांची नेमणूक १८४४ साली झाली. ते बरेचसे एकाकी राबले, आणि त्यांच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. पुढे १८७२ पासून ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी आणले. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सय्यद अहमद ही मंडळी होती. आली, शिकली, एकमेकांची रेषा दुरुस्त केली आणि परतली. नंदलालांनी पुढे शांतिनिकेतनात पिढी घडविली. शाळा शांतिनिकेतनात झाली, अजिंठ्याच्या पायथ्याशी नाही.

सरकार काही करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५,००० रुपये आहेत, ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज आहे. मात्र तिच्या १८ व्यवसायांत कुंभार व मूर्तिकार आहेत, चित्रकार नाही, विणकरही नाही. शिवाय योजनेचा लाभार्थी नेहमी एकवचनी असतो. अर्ज त्याचा, खाते त्याचे, अवजारांची पेटीही त्याची. प्रशिक्षण संपले की तो पुन्हा घरी एकटा.

फर्दापुरात इमारतीची वाण नाही. जपानच्या कर्जसाहाय्यातून तेथे भव्य पर्यटक केंद्र बांधले गेले. १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती त्यात आहेत. वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी ते काही वर्षे बंद राहिले, हेही सर्वांना ठाऊक आहे. अशा वास्तूतील एक दालन संध्याकाळी परिसरातील तरुण कारागिरांना द्यावे. एक भट्टी, दोन माग, लांब मेजे आणि दिवे एवढे पुरे. किल्ली शाळेच्या चित्रकला शिक्षकाकडे असावी. पैठणचा विणकर किंवा शहरातील हिमरूचा जाणकार महिन्यातून एकदा येऊन बसावा, त्याला प्रवासखर्च व मानधन मिळावे. उद्घाटनाला मंत्री न आले तरी चालतील. दिव्यांचे बिल मात्र दरमहा कोण भरणार, हे आधी कागदावर ठरावे.