परांची कीं ताणा?

घरांतील मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्र शिकूं लागली म्हणजे वडील माणसें कौतुकानें मागें उभीं राहून पाहतात. काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहिली जाते, दोनतीन प्रश्नांचीं उत्तरें दिलीं जातात, आणि क्षणार्धांत संकेतस्थळाचा सांगाडा तयार! ही जादू नव्हे. पण आहे तरी काय, हें समजून घेणें बरें.

ती ओळ बहुधा 'एनपीएम क्रिएट व्हीट' अशी असते. 'व्हीट' हा फ्रेंच शब्द, अर्थ 'त्वरित'. इव्हान यू या गृहस्थांनीं हें साधन २०२० सालीं पुढें आणलें. तें विचारतें: कामाचें नांव काय, रिअ‍ॅक्ट, व्ह्यू यांपैकीं कोणती पद्धति हवी कीं साधीच, आणि भाषा जावास्क्रिप्ट कीं टाइपस्क्रिप्ट? जावास्क्रिप्ट ही १९९५ ची. संख्येच्या जागीं अक्षरें आलीं तरी ती मुकाट्यानें चालवून घेते. मायक्रोसॉफ्टनें २०१२ सालीं आणलेली टाइपस्क्रिप्ट मात्र विभक्ति चुकतांच कान धरणाऱ्या पंतोजीसारखी. नवशिक्यानें तीच घ्यावी, असें माझें मत. (मुलांना तें पटत नाहीं.) उत्तरें मिळतांच तयार नमुन्याची नक्कल मांडली जाते, तींत पहिलें पान असतें, लिहिण्याची जागा असते, आणि बाहेरून कोणतें साहित्य आणावयाचें त्याची यादी असते. पुढच्या आज्ञांनीं तें आणवून काम सुरू केलें म्हणजे पान आपल्याच यंत्रावर ५१७३ क्रमांकाच्या दारीं उघडतें. कटपयादि पद्धति जाणणाऱ्यांस येथें गंमत वाटेल: रोमन पांच म्हणजे 'व्ही', एक 'आय'सारखा, सात 'टी'सारखा, आणि इंग्रजी तीन उलटा फिरविला कीं 'ई'. साधनाचें नांवच झालें!

इंग्रजींत या क्रियेस परांची बांधणें असें म्हणतात. नांव फसवें आहे. घर पुरें झालें कीं गवंडी परांची सोडून नेतो. ही घरांतच राहते. आम्हां सोलापूरकरांस याहून योग्य उपमा मागावर सांपडेल. ताणा प्रत्येक विणकर स्वतः करतो असें नाहीं. खळ दिलेलें तयार बीम येतें, आणि तो त्यावर बाणा घालीत जातो. चादर विकली जाते तेव्हां तो परका ताणा तिच्यांत असतोच. यांत कमीपणा कसला? परंतु मध्येंच तार तुटली, तर ती हेरून सांधणें विणकरास आलें पाहिजे.

आणि तार तुटते. मार्च २०१६ मध्यें 'लेफ्ट-पॅड' हें अवघ्या अकरा ओळींचें लिखाण त्याच्या कर्त्यानें एका तंट्यापायीं सार्वजनिक भांडारांतून काढून घेतलें. मजकुराच्या डाव्या बाजूस जागा भरणें, एवढेंच त्याचें काम. तरी जगभर कामें अडलीं. कारण पुष्कळांच्या यादींत तें थेट नव्हतें, यादीच्या पोटांतल्या यादींत होतें. कांहीं तासांतच तें परत ठेवावें लागलें. त्याच वर्षीं फेसबुकनें 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' हें असेंच साधन दिलें. कित्येकांचा तो पहिला धडा होता. फेब्रुवारी २०२५ मध्यें त्याच्या चालकांनींच तें नव्या कामास वापरूं नये असें जाहीर केलें. केवळ आज्ञा पाठ केलेल्याची गत, 'हरि' चालविला म्हणून 'सखि'ही तसाच चालेल असें धरून बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखी व्हावयाची.

म्हणून सुटींत मुलांस एवढें सांगावें. व्हीटचा अगदीं साधा जावास्क्रिप्टचा नमुना घ्या, प्रत्येक फाइल उघडा, आणि यादींतील प्रत्येक नांव कशासाठीं आहे तें आजीला मराठींत समजावून द्या. साध्या नमुन्याच्या यादींत एकच नांव निघेल, खुद्द व्हीटचें. टाइपस्क्रिप्टच्या नमुन्यांत दोन. मग साहित्य आणविल्यावर 'नोड मॉड्यूल्स' हें कपाट उघडावें, आणि त्या एका नांवामागून किती जण घरांत आले तें आजीसमोरच मोजावें.