बिनतारीचा श्रीगणेशा

शाळेच्या प्रदर्शनात सर्वांत पुढच्या टेबलावर काय मांडावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु शाळा कशाला मान देते हे विद्यार्थी त्या टेबलावरूनच ओळखतात, असे आमचे मत आहे. हे मत आमच्याच एका चुकीतून बनले असल्यामुळे ती चूक प्रथम सांगणे प्राप्त आहे.

एका वर्षी प्रदर्शनाची मांडणी आमच्याकडे होती. एका विद्यार्थ्याने विकतच्या संचातून दिव्यांनी झगमगणारी एक नगरी जुळवून आणली होती. दुसरा मुलगा नववीतला. त्याने दोन आर्डुइनो बोर्ड आणले होते. एकावर कळ, दुसऱ्यावर हरभऱ्याएवढा तांबडा दिवा. कळ दाबली की चार हात दूरचा दिवा लागे, आणि मध्ये तार नव्हती. तोही दहा वेळांतून तीनदा लागत नसे. आम्ही नगरी पुढे ठेवली आणि त्या मुलास दाराआडच्या बाकावर बसविले. सायंकाळी पाहुणे गेल्यावर नगरीच्या मालकास आम्ही सहज विचारले, "हे दिवे कशाने लागतात रे?" त्याला सांगता आले नाही. दाराआडच्या मुलाला विचारले, "तुझा दिवा तीनदा का लागत नाही?" त्याने निमूटपणे वही पुढे केली. दिवा केव्हा लागला, केव्हा लागला नाही, बोर्ड लॅपटॉपच्या वायरीवर होता की बॅटरीवर, हे सारे तीत वेळेसह लिहिलेले होते. बॅटरीवर असताना चुका अधिक होतात, इथवर तो स्वतःच पोचला होता. आम्हांस त्या रात्री झोप नीट लागली नाही.

त्याला हा उद्योग कशासाठी हवा होता, हेही आम्ही आधी विचारले नव्हते. त्याच्या वडिलांची संत्र्याची बाग गावाबाहेर आहे. आंबिया बहाराचा ताण तोडला की पाणी चुकवून चालत नाही, आणि शेतीची वीज तर पुष्कळदा रात्री येते. मग वडील कंदिलाऐवजी मोबाइलचा उजेड घेऊन बागेत जातात, मोटर चालू आहे की नाही एवढेच पाहण्यासाठी. थंडी असते, पायवाटेवर साप असतात. मुलाला घरातल्या खुंटीपाशी एक दिवा हवा होता: मोटर चालू, तर दिवा लागलेला.

हे बिनतारी प्रकरण शिकवावयाचे तर आरंभ कोठून करावा, याविषयी आम्ही काही लिहीत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. विजेच्या गणितात आमची गती बेताची. तथापि संदेश पाठविणे आणि तो समजणे हा भाषेच्या शिक्षकाचाही विषय आहे, हे आम्हांस लोधीखेड्यानेच शिकविले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निराळा झाला. येथे कचेरीची भाषा हिंदी, शाळेची मराठी, आणि आमच्या स्वतःच्या घरची कोंकणी. आम्ही येथे नवे असताना एक विद्यार्थी धावत येऊन म्हणाला, "सर, पाहुणे येऊन राहिले!" आम्ही समजलो, पाहुणे आले, एवढेच नव्हे तर मुक्कामालाही राहिले. आपल्याला कोणी कळविले नाही म्हणून मनात थोडे रुष्टही झालो. वस्तुतः पाहुणे अजून वाटेतच होते. या भागात 'येऊन राहिले' म्हणजे 'येत आहेत'. शब्द सारे ओळखीचे, उच्चार स्पष्ट, ऐकणाऱ्याचे कानही शाबूत. तरी निरोप चुकला, कारण बोलणारा एका संकेताने बोलला आणि ऐकणाऱ्याने तो दुसऱ्या संकेताने लावला.

दोन बोर्डांचेही नेमके असेच होते. म्हणून पहिल्या आठवड्यात बिनतारीला हातच लावू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. प्रथम दोन बोर्ड तारेने जोडावेत. एकाचे बोलण्याचे टोक दुसऱ्याच्या ऐकण्याच्या टोकास, दुसऱ्याचे बोलण्याचे पहिल्याच्या ऐकण्याच्या टोकास, आणि दोघांची जमीन, म्हणजे ऋण टोक, एकत्र. (जोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण ही जमीन विसरतात आणि मग दिवसभर आज्ञावलीतल्या चुका शोधतात.) पुढे दोघांचा बोलण्याचा वेग मुद्दाम निराळा ठेवावा, एक सेकंदाला ९६०० ठोक्यांनी बोलतो आणि दुसरा ४८००च्या हिशेबाने ऐकतो, असे करावे. पडद्यावर जी निरर्थक अक्षरे उमटतात ती मुलांना पाहू द्यावीत. वेग, पत्ता आणि निरोपाचा आकार यांचा करार दोन्ही बाजूंनी आधी ठरावा लागतो, हे त्या कचऱ्यातून जसे ध्यानात येते तसे आमच्या व्याख्यानातून येत नाही.

मग तार काढावी. तार काढली म्हणून करार बदलत नाही. निरोप लहरींवरून जातो, इतकेच. या लहरी कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली लोकांसमोर भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली होती व दारू उडविली होती, तेव्हा हा विषय आपल्याला परका आहे असे मानण्याचे कारण नाही. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांनी १९४८ साली सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र ऐकले आहे. ५८५ किलोहर्ट्झवरील त्या केंद्राची एकेक लहर सुमारे ५१३ मीटर लांब. मुलांच्या हातातल्या छोट्या तुकड्याची लहर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. म्हणूनच त्याला उंच मनोरा लागत नाही. तुकड्याच्या कडेला काढलेली नागमोडी तांब्याची रेघ हाच त्याचा मनोरा.

आमच्या शाळेच्या कपाटात होते ते आर्डुइनो ऊनो जातीचे बोर्ड. २०१६ साली निघालेल्या अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेमुळे असे बोर्ड अनेक शाळांत पोचले आहेत. ते कपाटाबाहेर किती वेळा येतात हा प्रश्न निराळा. त्यांना जोडावयाचा स्वस्त बिनतारी तुकडा म्हणजे एनआरएफ-२४एल०१. तो ३.३ व्होल्टवर चालतो. ५ व्होल्टच्या टोकास त्याची वीज जोडली तर तो मरतो, आणि मेल्यावर दिसतो मात्र पूर्वीसारखाच. दुसरे असे की, निरोप पाठवितांना तो क्षणभर विजेचा घोट घेतो. पुरवठा त्या क्षणी डळमळला की निरोप जात नाही. यावर उपाय म्हणजे तुकड्याच्या धन व ऋण टोकांवर १० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, टोके न उलटविता, जोडणे. दाराआडच्या त्या मुलाच्या वहीतले कोडे एवढेच होते. नागपुराहून काही रुपयांचे दोन कंडेन्सर आले, आणि दहांपैकी दहा वेळा दिवा लागू लागला. प्रदर्शन अर्थात उरकले होते.

आज नवीनच घ्यावयाचे असेल तर इएसपी-३२ जातीचा बोर्ड बरा. त्याच्या पोटातच बिनतारी असते, आणि इएसपी-नाऊ या पद्धतीने असे दोन बोर्ड घरात वाय-फाय नसतानाही एकमेकांशी बोलतात. लहान वर्गांसाठी मायक्रोबिट सोपा, कारण दोघांवर एकच गट-क्रमांक घातला की काम भागते. परंतु तो महाग पडतो. यंत्र कोणते, याला आम्ही फार महत्त्व देत नाही. पहिल्याच दिवशी इंटरनेट, मोबाइलचा पडदा आणि दूरदेशीचा संगणक यांची साखळी उभारण्यास मात्र आमचा विरोध आहे. ती तुटली तर कोणत्या कडीत तुटली हे नवशिक्याला कळत नाही, आणि ती पुन्हा जोडणे त्याच्या हातीही नसते.

मार्गाचा क्रमांक निवडताना एक गोष्ट सांभाळावी. या तुकड्याला ० ते १२५ असे क्रमांक देता येतात. २४०० मध्ये तो मिळविला की मेगाहर्ट्झ निघतात, जसे ७६ म्हणजे २४७६. वाय-फायची गर्दी टाळण्यासाठी शंभराच्या पुढचा क्रमांक घ्या, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. आपल्या देशात परवान्याविना मोकळा असलेला पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे; तेव्हा ऐंशीच्या आतच राहावे. एके काळी घरच्या रेडिओसाठीदेखील टपालकचेरीत पैसे भरून परवाना काढावा लागे. आज जो पट्टा मोकळा दिला आहे त्याची कुंपणे मुलांनी पहिल्याच दिवशी पाहून ठेवावीत.

आता निरोपाविषयी, कारण येथे आमच्या विषयाची हद्द सुरू होते. त्या मुलाने हौसेने मराठीत निरोप लिहिला: 'मोटर चालू आहे'. पलीकडच्या पडद्यावर उमटले: 'मोटर चालू आह'. त्याने तीन वेळा तपासले. तिन्ही वेळा शेवटची मात्रा गायब. आम्ही म्हटले, हा तर आमचाच प्रांत. हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. हा तुकडा एका खेपेस ३२ बाइट नेतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, पण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात. आणि काना, मात्रा, वेलांटी यांची गणना स्वतंत्र. 'मोटर चालू आहे' यात अकरा खुणा, म्हणजे ३३ बाइट, आणि दोन मोकळ्या जागांचे दोन, एकूण ३५. शेवटचे तीन कापले गेले ते नेमके 'हे'वरच्या मात्रेचे! (आम्ही शुद्धलेखनाचा आग्रह धरून 'मोटार' लिहावयास लावले असते तर आणखी तीन गेले असते. आमच्या कोंकणीतले 'आसा' घातले तरी तीच गत.) व्याकरणाच्या तासाला खूण आणि अक्षर यांतला भेद आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो; तो त्या दिवशी वर्गाने बोटांवर मोजला.

यावर मुलांनीच तोड काढली. १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. ही युक्ती जुनीच आहे. जुलै २०१३मध्ये तारसेवा बंद झाली, तोवर शुभेच्छांच्या तारेसाठी वाक्यांचे ठराविक क्रमांक असत. तारेवरून फक्त क्रमांक जाई आणि पलीकडचा तारमास्तर पूर्ण वाक्य लिहून देई.

परंतु खरी अडचण पुढेच होती. दिवा विझलेला असला तर त्याचा अर्थ काय? मोटर बंद आहे, की बागेतल्या बोर्डाची बॅटरी संपली आहे, की ओल्या झाडांत निरोपच अडला आहे? या प्रश्नावर वर्गात दोन तास वाद झाला, आणि असा वाद आम्ही निबंधाच्या तासालाही क्वचितच ऐकला आहे. अखेर असे ठरले की, मोटर चालू असो वा बंद, बागेतल्या बोर्डाने दर मिनिटाला काही ना काही कळवावेच. हिरवा दिवा म्हणजे चालू, तांबडा म्हणजे बंद. आणि तीन मिनिटे काहीच न आले तर दोन्ही दिवे मिणमिणावेत, म्हणजे वडिलांनी समजावे की आज स्वतः जावे लागेल. आणखी एक सूचना एका मुलीची. मोटर फिरत आहे म्हणजे पाणी पडत आहेच असे नाही. म्हणून मोटरीकडे न पाहता पाइपाच्या तोंडाशी पाणी आहे का ते पाहावे. ही सूचना आम्हांस दुहेरी पसंत पडली, कारण स्टार्टरच्या पेटीत तीन फेजांची वीज असते आणि तिला विद्यार्थ्याने कदापि हात लावू नये.

अंतराची गोष्ट मात्र साधली नाही. मोकळ्या पटांगणात जितकी पावले निरोप पोचला, त्याच्या निम्मीही संत्र्याच्या झाडांत पोचला नाही. पाने म्हणजे पाणीच, आणि एवढ्या आखूड लहरी पाणी शोषून घेते. बागेपासून घरापर्यंत जाण्यास लांब लहरी हव्यात. त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा मोकळा पट्टा आहे आणि त्यात सावकाश पण दूरवर बोलणारे लोरा नावाचे तुकडे मिळतात. १ आणि ० पाठवावयाला घाई कशाला हवी? दर मिनिटाला एक बाइट म्हणजे बैलगाडीलाही झेपेल असे ओझे.

काही पालक म्हणतात, बाजारात सिमकार्डाचा स्टार्टर तयार मिळतो, मग हा खटाटोप कशाला? शेतकऱ्याने तो अवश्य घ्यावा. त्या मुलाच्या वडिलांनाही आम्ही तेच सांगितले, कारण मुलाचा प्रयोग पुरा होईपर्यंत त्यांनी अंधारात चालावे असे आम्ही म्हणणार नाही. पण तयार स्टार्टर मुका झाला तर का मुका झाला, हे विचारणारा एक तरी माणूस घरात असावा, आणि तो मुलगा तसा होऊ लागला आहे. हे काम विज्ञानाच्या शिक्षकांचे, असे म्हणून आमच्यासारख्यांनी अंग काढून घेणेही आम्हांस पटत नाही. कंडेन्सर आम्हांस ठाऊक नव्हता हे खरे. तो मुलांबरोबर शिकता आला.

येत्या प्रदर्शनाची मांडणी पुन्हा आमच्याकडे आली आहे. पुढच्या टेबलावर दोन बोर्ड राहतील, आणि शेजारी ती वही, चुकलेल्या वेळांच्या नोंदींसह उघडी. लोराचे दोन तुकडे मागविले आहेत. ज्यांना शनिवारी शाळा सुटल्यावर बसावयाचे असेल त्यांनी नावे द्यावीत. कपाटाची किल्ली आमच्याजवळ आहे, कंडेन्सर मात्र प्रत्येकाने स्वतःचा आणावा.