आकडा बरोबर, शब्द चूक

इंग्रजीत एखाद्या शब्दाचं स्पेलिंग चुकलं, तर वाचणारा मनात हसतो आणि अर्थ लावून पुढे जातो. संख्येचा शब्द चुकला, तर तो हसत नाही. चूक झाली आहे हे त्याला कळतच नाही. तो चुकीची संख्या खरी मानून कामाला लागतो. म्हणून माझं मत असं, की इंग्रजीत संख्या लिहिणं हा व्याकरणापेक्षा मोजमापाचा प्रश्न आहे, आणि परदेशात राहणाऱ्या आपण मराठी माणसांनी तो जास्तच गंभीरपणे घ्यायला हवा.

साधी आडवी रेघ घ्या. इंग्रजीत एकवीस ते नव्याण्णव या जोडसंख्या शब्दांत लिहिताना मध्ये ती द्यावी लागते (वीस, तीस असे पूर्ण दशक अर्थातच सोडून). ‘कशाला एवढा कीस पाडायचा?’ असं वाटेल. पण प्रयोगशाळेसाठी ‘ट्वेंटी थ्री लीटर बॉटल्स’ मागवून पाहा. रेघ ‘थ्री’ आणि ‘लीटर’ यांच्यामध्ये असेल, तर तीन लीटरच्या वीस बाटल्या येतील. ती ‘ट्वेंटी’ आणि ‘थ्री’ यांच्यामध्ये गेली, तर दुकानदार तेवीस बाटल्या पाठवेल किंवा तेवीस लीटरची बाटली शोधत बसेल. यावर सोपा उपाय म्हणजे दोन संख्या शेजारी आल्या की एक अंकात आणि एक शब्दात लिहायची: ‘२० थ्री-लीटर बॉटल्स’.

दुसरा नियम आपल्याला मराठीतून आधीच येतो, फक्त तो आपल्या लक्षात येत नाही. आपण ‘पाच लाख माणसं’ म्हणतो, पण नेमकी संख्या माहीत नसेल तर ‘लाखो माणसं’. इंग्रजीतही तसंच आहे. मोजलेलं असेल तर ‘फाइव्ह मिलियन पीपल’, मोघम असेल तर ‘मिलियन्स ऑफ पीपल’. तो शेवटचा ‘एस’ वाचकाला सांगतो, की लिहिणाऱ्याने मोजलेलं नाही. ‘फाइव्ह मिलियन्स पीपल’ लिहिणं म्हणजे ‘पाच लाखो माणसं’ म्हणण्यासारखं आहे.

बोलताना धोका आणखी वाढतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर जवळजवळ सारखेच ऐकू येतात. औषधाच्या मात्रेत हा फरक तिपटीहून अधिक आहे. म्हणूनच तोंडी सांगितलेली मात्रा ‘वन-फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह-झीरो’ अशी अंक सुटे करून परत म्हणून दाखवावी, असं औषधसुरक्षेचे जाणकार सांगतात. वैमानिक तर ‘नाइन’ऐवजी ‘नाइनर’ म्हणतात. ज्यांच्या कामात चूक महाग पडते, त्यांनी उच्चारांचेही नियम करून ठेवले आहेत.

मोठ्या संख्यांची गोष्ट वेगळी. ‘बिलियन’ म्हणजे अब्ज, हे आज आपण गृहीत धरतो. पण ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, म्हणजे आजच्या हजारपट. सरकारी आकडेवारीत बिलियन म्हणजे हजार मिलियनच, हे १९७४ साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी स्पष्ट केलं. जर्मनमध्ये आजही अब्जाला ‘मिलियार्डे’ म्हणतात आणि ‘बिलियोन’ त्याच्या हजारपट असतो. त्यामुळे जुना ब्रिटिश ग्रंथ किंवा जर्मन बातमी वाचताना शब्दावर विसंबू नका, शून्यं मोजा.

आता आपल्या घरातला प्रश्न. समजा, पुण्यात वडिलांना डेंग्यू झाला आहे आणि त्यांचा रक्ताचा अहवाल तुम्ही इथल्या डॉक्टर मैत्रिणीला वाचून दाखवताय. प्लेटलेट्सपुढे लिहिलंय ‘०.४ लाख’. म्हणजे एका मायक्रोलीटरमागे चाळीस हजार. निरोगी माणसात साधारण दीड ते साडेचार लाख असतात, तेव्हा हे प्रमाण बरंच कमी आहे. पण लाख हा शब्द मैत्रिणीला परका, म्हणून घाईत तुम्ही ‘पॉइंट फोर मिलियन’ म्हणालात, तर ते झाले चार लाख, अगदी निरोगी माणसाचे! आणि लाख गाळून नुसतं ‘पॉइंट फोर’ म्हणालात, तर तिला काहीच बोध होणार नाही, कारण तिच्याकडच्या अहवालांत हीच संख्या ‘४०’ अशी छापलेली असते. एकक हजार प्रति मायक्रोलीटर किंवा अब्ज प्रति लीटर. ‘फोर्टी थाउजंड पर मायक्रोलीटर’ असं पूर्ण म्हटलं, तर गोंधळाला जागाच उरत नाही.

मग लाख-कोटी सोडून द्यायचे का? मुळीच नाही. दीड, अडीच, पावणेदोन यांच्याइतके नेटके शब्द इंग्रजीत नाहीत आणि मराठीत लिहिताना मी लाख-कोटीच लिहिते. माझा विरोध खिचडीला आहे. इंग्रजी वाक्यात मध्येच ‘लाख’, स्वल्पविराम कधी १२,३४,५६७ असे तर कधी १,२३४,५६७ असे, हे नको. ज्याच्यासाठी लिहिताय त्याची पद्धत निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. वाचक जगभरचे असतील, तर २००३ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केलेली रीत वापरा: तीन-तीन अंकांच्या गटांमध्ये स्वल्पविराम नाही, फक्त मोकळी जागा.

आपण मुलांच्या इंग्रजी उच्चारांवर, स्पेलिंगवर किती मेहनत घेतो! त्यातली थोडी संख्यांना द्या. पुढच्या वेळी फोनवर मात्रा, रक्कम किंवा तारीख सांगाल, तेव्हा समोरच्याला ती परत म्हणायला सांगा. दहा सेकंद लागतात. त्याने परत म्हटलेली संख्या तुमच्या मनातलीच आहे, याची खात्री झाली की मगच फोन ठेवा.