विश्लेषण : जुनी सेडान घेताना वरचा रंग पाहावा की खालचा पत्रा?

कर्ली नदीच्या काठावरील वालावलसारख्या गावात मोटार ही आता चैन राहिलेली नाही. रेल्वे पकडायची तर कुडाळ, सरकारी कामासाठी ओरोस आणि मोठे आजारपण आले तर अनेकदा गोव्यातील बांबोळी गाठावी लागते. नवी गाडी परवडत नसेल तर नजर जुन्या सेडानकडे वळते. मात्र धुऊन-पुसून उभी केलेली गाडी आतून कशी आहे, हे न पाहता बयाणा दिला तर वर्षांची बचत गॅरेजमध्ये जिरते.

किनाऱ्यावर धोका कशाचा?

खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजते. त्यात चार महिन्यांचा पाऊस आणि चाकाच्या कमानीत साचून ओल धरून ठेवणारा लाल चिखल. सेडानची उंची कमी असल्याने दगड आणि उंच गतिरोधकांचा मार ऑइल चेंबर, सायलेन्सर यांना बसतो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहणे ही पहिली पायरी. दरवाजांखालची पट्टी, जॅक लावण्याची जागा, डिकीतील स्टेपनीचा खड्डा आणि पायपुसण्याखालचा पत्रा तपासावा. खालच्या बाजूला नुकताच काळा रंग मारलेला दिसला, तर त्याखाली काय आहे हे विचारावे. पत्र्यावर लोहचुंबक एखाद्या जागी नीट चिकटत नसेल, तर तिथे लांबी भरलेली असण्याची शक्यता असते.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

2005 मध्ये मुंबईत, 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी स्वच्छ करून दूरच्या गावात विकणे अवघड नसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यास पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसू शकते. सीटखालचे गंजलेले रूळ, हेडलाइटच्या आत साचलेली वाफ, वायरींच्या जोडांवरचा हिरवट थर आणि जोरदार अत्तराआडून येणारा कुबट वास याही खुणाच. पाण्यात भिजलेल्या वायरिंगचे दुखणे कधी कधी काही महिन्यांनी डोके वर काढते.

इंजिन केव्हा तपासावे?

थंड असताना. खरेदीदार येण्याआधीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर थंडपणी होणारा आवाज आणि धूर लपतो. त्यामुळे बॉनेटला हात लावून पाहावा. सकाळी थोडी पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट इंजिनात जात असावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आढळली तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. मात्र फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडी साय जमते. म्हणून दांडीवरचे ऑइल आणि कूलंटही पाहावे. किल्ली फिरवल्यावर इंजिन व एअरबॅगचे दिवे लागून नंतर विझले पाहिजेत. दिवा लागतच नसेल तर ती चांगली खूण नव्हे. स्कॅनर लावल्यास साठलेले बिघाडही कळतात.

चालवून काय कळते?

गावातल्या सपाट रस्त्यावरची एक फेरी पुरेशी नाही. चढणीवर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, याचा अर्थ क्लच घसरतो आहे. सतत घाटातून धावलेल्या गाडीत ही तपासणी चुकवू नये. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून कटकट आवाज आला, तर अ‍ॅक्सलचा सांधा झिजलेला असू शकतो. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यांत सस्पेन्शन खडखडते का, एसी सुरू ठेवून थांबल्यावर तापमान वाढते का, हेही पाहावे. टायरवरचा चार आकडी शिक्का त्याचे वय सांगतो : ‘2321’ म्हणजे 2021 मधील 23वा आठवडा. मीटरवर कमी किलोमीटर, पण पेडलचे रबर आणि स्टिअरिंग गुळगुळीत झिजलेले, असे असेल तर सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात.

कागदपत्रांचे काय?

चासी व इंजिन क्रमांक आरसीशी जुळवावेत. कर्जाचा बोजा, थकीत ई-चलन, विमा आणि पीयूसी तपासावे. गोव्यातील नोंदणीची गाडी शेजारची म्हणून सोपी वाटते. पण ती महाराष्ट्रात कायमची आणायची तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवा क्रमांक लागतो. हा खर्च किमतीत धरला नाही तर स्वस्त सौदा महाग पडतो. केवळ सहीचे कोरे फॉर्म घेऊन गाडी ताब्यात घेणे दोघांनाही धोक्याचे. नोंदणीवर नाव बदलेपर्यंत जबाबदारीचा घोळ कायम राहतो.

गाडी विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे, तर स्वतःच्या विश्वासातल्या मेस्त्रीला दाखवावी. त्याची मजुरी सौद्याच्या रकमेपुढे किरकोळ असते. तपासणीत आढळलेला प्रत्येक दोष नकाराचे कारण नसतो. झिजलेले टायर किंवा क्लच यांचा खर्च किमतीतून वजा करून घेता येतो. पण कुजलेला पत्रा आणि पुराचे पाणी प्यालेले वायरिंग यांना सूट हा उपाय नाही. अशा गाडीपासून दूर राहावे आणि तपासणीलाच नकार देणाऱ्या विक्रेत्यापासूनही. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन बांबोळीकडे निघालेल्या कुटुंबाला गाडीचा रंग नव्हे, तिचा भरवसा लागतो.